मार्शल यांचा अर्धाच दाखला

केंद्र आणि राज्यांमधली कुठलीही कुरबुर पेटली, मग ती जीएसटीच्या भरपाईची असो, राज्यपालांकडे अडकलेल्या विधेयकांची असो की खनिजांवरच्या कराची, आपल्याकडच्या चर्चेत थोड्या वेळाने अमेरिका येतेच. एक बाजू सांगते, 'तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने सुरुवातीच्या काही दशकांतच राज्यांना त्यांची जागा दाखवून दिली, म्हणून तो देश उभा राहिला.' दुसरी बाजू त्याच इतिहासातून नेमके उलटे काढते, 'कोणी निवडून न दिलेल्या सात माणसांनी राज्यांचे अधिकार काढून घेतले आणि तिथून केंद्राची भूक वाढत गेली.' दोन्ही बाजू ज्याचे नाव घेतात तो माणूस एकच, १८०१ ते १८३५ या काळात अमेरिकेचे सरन्यायाधीश असलेले जॉन मार्शल. आणि दोन्ही बाजूंनी त्यांच्या १८१९ च्या 'मॅकलक विरुद्ध मेरीलँड' या निकालपत्राचा शेवटचा एक तृतीयांश भाग वाचलेला नसावा, अशी मला दाट शंका आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मार्शल यांचे मुख्य निकाल बरोबर होते. पण 'केंद्र बलवान हवे' हे त्यांच्या बरोबर असण्याचे कारण नव्हे. एका राज्याच्या विधिमंडळाने ज्यांना तिथे मत नाही अशा साऱ्या देशाच्या लोकांवर ओझे टाकू नये, या तत्त्वावर ते निकाल उभे आहेत. हे तत्त्व काढून घेतले तर उरतो तो केवळ बळाचा युक्तिवाद, आणि तो कोणालाही कुठेही वापरता येतो. भारतात तो तसाच वापरला जातो.

प्रकरणाच्या तपशिलात शिरल्याशिवाय हे पटणार नाही. १८१६ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दुसऱ्या 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'ला सनद दिली. भांडवल साडेतीन कोटी डॉलर. त्यातला पाचवा हिस्सा सरकारचा, उरलेला खासगी भागधारकांचा. बाल्टिमोरला तिची शाखा निघाली. १८१८ मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने कायदा केला की, राज्याची सनद नसलेल्या बँकेला नोटा काढायच्या असतील तर त्या राज्याकडून विकत घेतलेल्या मुद्रांकित कागदावरच काढाव्या लागतील. पाच डॉलरच्या नोटेला दहा सेंट, हजार डॉलरच्या नोटेला वीस डॉलर. ही रोजची कटकट नको असेल तर वर्षाला पंधरा हजार डॉलर आगाऊ भरून मोकळे व्हा. मोडलात तर दर खेपेला पाचशे डॉलर दंड, आणि खबर देणाऱ्याला त्यात वाटा. बाल्टिमोर शाखेचा रोखपाल जेम्स मॅकलक याने साध्या कागदावर नोट काढली, जॉन जेम्स नावाच्या खबऱ्याने फिर्याद केली आणि प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले. (याच मॅकलकने दोन साथीदारांच्या संगनमताने स्वतःला पुरेशा तारणाविना भरमसाट कर्जे दिली होती, हे निकालानंतर काही आठवड्यांतच बाहेर आले आणि त्याची नोकरी गेली. घटनेच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या खटल्यांपैकी एकावर नाव लागले ते या गृहस्थाचे!)

युक्तिवाद नऊ दिवस चालला. बँकेकडून डॅनियल वेब्स्टर, विल्यम पिंकनी आणि देशाचे अ‍ॅटर्नी जनरल विल्यम वर्ट, तर मेरीलँडकडून इतरांबरोबर ल्यूथर मार्टिन. हे मार्टिन १७८७ च्या फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेत प्रतिनिधी होते आणि केंद्राला फार अधिकार दिले जात आहेत म्हणून सही न करताच निघून गेले होते. युक्तिवाद संपल्यावर तीनच दिवसांनी, ६ मार्च १८१९ रोजी, न्यायालयाचा एकमुखी निकाल आला. बँक काढण्याचा काँग्रेसला अधिकार आहे, आणि तिच्यावर असा कर बसवण्याचा मेरीलँडला नाही.

या निकालाविरुद्धचे सर्वांत जोरदार मुद्दे आज ज्या पातळीवर मांडले जातात त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहेत, म्हणून तेच आधी घेऊ. पहिला मुद्दा घटना परिषदेतलाच. सप्टेंबर १७८७ मध्ये फ्रँकलिन यांनी कालवे काढण्याचा अधिकार काँग्रेसला द्यावा असे सुचवले, मॅडिसन यांनी तो वाढवून कंपन्यांना सनदा देण्याचा अधिकारही त्यात घालावा असे म्हटले, आणि परिषदेने ते नाकारले. जो अधिकार घटनाकारांनी मागून नाकारला, तो बत्तीस वर्षांनी न्यायालयाने कुठून आणला? दुसरा मुद्दा वचनाचा. घटना राज्याराज्यांतून मंजूर करून घेताना तिच्या समर्थकांनी हजार वेळा सांगितले होते की केंद्राचे अधिकार मोजके आणि आखलेले असतील. तसे सांगणाऱ्यांत खुद्द मॅडिसन होते. १८१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनीच या बँकेच्या कायद्यावर सही केली, तरी निकाल आल्यावर त्यांनी व्हर्जिनियाचे न्यायमूर्ती स्पेन्सर रोन यांना पत्रात लिहिले की इतका सैल अर्थ तेव्हा कुणी उघडपणे सांगितला असता तर घटना मंजूरच झाली नसती. तिसरा मुद्दा माणसाचा. मार्शल बलवान केंद्राच्या बाजूच्या फेडरलिस्ट पक्षाचे, राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांचे परराष्ट्रमंत्री, आणि पक्ष निवडणूक हरल्यावर त्याच पक्षाच्या मावळत्या सरकारने त्यांना सरन्यायाधीशपदी बसवलेले. जे मतपेटीतून गेले ते न्यायासनावरून टिकवायचे, असा हा बेत होता असे कोणी म्हटले तर त्याला मूर्ख ठरवता येत नाही. आणि चौथा मुद्दा बँकेचा. आधी सढळ हाताने कर्ज वाटून मग १८१८-१९ मध्ये तिने एकदम हात आखडला, राज्यांतल्या छोट्या बँका आणि कर्जदार शेतकरी बुडाले. मेरीलँडचा राग अगदीच हवेतला नव्हता.

या चारांपैकी शेवटचे दोन मुद्दे खरे असले तरी घटनात्मक प्रश्नाला लागू नाहीत. बँक वाईट चालली तर सनद काढून घ्यावी, आणि निकाल देणाऱ्याचा पक्ष दाखवल्याने निकालातला तर्क खोटा पडत नाही. सातपैकी बहुसंख्य न्यायाधीश जेफर्सन आणि मॅडिसन यांनी, म्हणजे विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी, नेमलेले होते, हेही विसरू नये. पहिल्या दोन मुद्द्यांना मात्र उत्तर द्यावे लागते. परिषदेची इतिवृत्ते तेव्हा गुप्त होती. ज्या लोकांनी राज्यांच्या अधिवेशनांतून घटना मंजूर केली त्यांच्यापुढे छापील मसुदा होता, बंद दारामागे कोण काय म्हणाले ते नव्हते. आणि त्या मसुद्यात काँग्रेसला कर, कर्ज, नाणी, सैन्य आणि व्यापाराचे अधिकार देऊन शेवटी ते पार पाडायला 'आवश्यक आणि योग्य' असे कायदे करण्याची मुभा दिलेली होती. या घटनेआधीच्या, जुन्या महासंघाच्या करारात 'स्पष्टपणे दिलेले' अधिकारच तेवढे मध्यवर्ती मंडळाचे होते. केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे ठेवणाऱ्या, नव्या घटनेच्या दहाव्या दुरुस्तीत 'स्पष्टपणे' हा शब्द मुद्दाम गाळलेला आहे. मार्शल यांनी त्यावरच बोट ठेवले. सैन्य उभे करा, कर गोळा करा, पण पैसा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचवण्याचे साधन मात्र वापरू नका, असे सांगणारी घटना कोणी कशाला लिहील?

इथपर्यंतचा भाग सगळ्यांना पाठ असतो. वकील, स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी, संपादकीय लिहिणारे, सगळे इथे थांबतात. पुढे 'कर लावण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार असतो' हे एक वाक्य उचलले जाते आणि चर्चा बंद. पण हे वाक्य एकटे काहीच सिद्ध करत नाही. प्रत्येक करात नष्ट करण्याचा धोका असतो, मग मेरीलँडने स्वतःच्या बँकांवर कर लावला तर तो का चालतो? केंद्राने राज्यांच्या बँकांवर कर लावला तर तो का चालावा? ल्यूथर मार्टिन यांच्या बाजूने नेमके हेच विचारले होते, की तुमचा कर आमच्यावर चालतो तर आमचा तुमच्यावर का नको?

मार्शल यांचे उत्तर निकालपत्राच्या शेवटच्या भागात आहे. ते म्हणतात, विधिमंडळाच्या कर लावण्याच्या हावेला एकच खरा लगाम असतो. जो कर लावतो तो कर भरणाऱ्यांनाच उत्तरदायी असतो. मेरीलँडने मेरीलँडच्या माणसावर जुलमी कर लावला तर पुढच्या निवडणुकीत तो माणूस त्याला घरी बसवतो. पण बँक साऱ्या देशाच्या लोकांची आहे. जॉर्जियाच्या, मॅसॅच्युसेट्सच्या, केंटकीच्या माणसाला मेरीलँडच्या राजधानीत, अ‍ॅनापोलिसच्या सभागृहात मत नाही, त्याचा राग तिथे कोणाच्या गावीही नाही. उलट काँग्रेसने राज्याच्या बँकेवर कर लावला तर त्या राज्याचे प्रतिनिधी आणि सेनेटर तिथे बसलेले असतात. केंद्र तेव्हा आपल्याच मतदारांवर कर लावते. दोन्ही दिशांचे कर म्हणूनच सारखे नाहीत. सगळ्याचा अधिकार भागावर चालतो त्याचे कारण सगळ्यात भागाचा आवाज असतो, भागात सगळ्याचा नसतो.

निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात त्यांनी घातलेला अपवाद पाहिला की हा तर्क त्यांनी शोभेसाठी मांडला नव्हता हे कळते. बाल्टिमोरमधल्या बँकेच्या इमारतीवर इतर इमारतींप्रमाणेच कर लावा, आमची हरकत नाही. मेरीलँडच्या नागरिकांनी बँकेत घेतलेल्या समभागांवर, राज्यातल्या त्याच प्रकारच्या इतर मालमत्तेप्रमाणे, कर लावा, तेही चालेल. ही सवलत का? कारण सगळ्यांच्या इमारतींवर कर वाढवायचा तर मेरीलँडच्या प्रत्येक घरमालकाला दुखवावे लागते, तिथे लगाम आपोआप बसतो. ज्याला केवळ केंद्राची सरशी करायची आहे तो न्यायाधीश असा अपवाद कशाला ठेवील? राज्याची तिजोरी पूर्ण बंद करायला त्यांना कोणी अडवले नव्हते.

गिबन्स विरुद्ध ऑग्डेन या १८२४ च्या निकालातही हाच धागा आहे, जरी तिथे मार्शल यांनी तो इतका उलगडून सांगितला नाही. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने लिव्हिंग्स्टन आणि फुल्टन यांना राज्याच्या पाण्यावर वाफेच्या बोटी चालवण्याचा मक्ता दिला होता. न्यूजर्सीहून मॅनहॅटनला येणारी थॉमस गिबन्स यांची बोट त्यामुळे बेकायदा ठरली. तिचा कप्तान होता पुढे रेल्वेसम्राट म्हणून गाजलेला तरुण कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट. मक्त्याचा फायदा न्यूयॉर्कमधल्या दोन घराण्यांना, भुर्दंड न्यूजर्सीच्या प्रवाशाला, आणि त्या प्रवाशाला न्यूयॉर्कच्या राजधानीत, ऑल्बनीत, मत नाही. मग न्यूजर्सी आणि कनेक्टिकट यांनी उट्टे काढणारे कायदे केले. न्यायालयाने १७९३ च्या केंद्रीय कायद्याखालचा किनारी वाहतुकीचा परवाना वरचढ ठरवला आणि मक्ता कोसळला. राज्याचे हे स्वातंत्र्य गेले म्हणून न्यूजर्सीत कोणी शोक केल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आता 'न्यायालयाने केंद्राला सत्ता दिली' या विधानाकडे येऊ. यात 'दिली' हे क्रियापद चुकते. न्यायालयाने परवानगी दिली, आणि परवानगी वापरायची की नाही हे राजकारणाने ठरवले. १८१९ च्या निकालानंतर ओहायोने काय केले? बँकेच्या प्रत्येक शाखेवर पन्नास हजार डॉलरचा कर लावला होता. निकाल आल्यावरही राज्याची माणसे सप्टेंबरमध्ये चिलिकॉथीच्या शाखेत शिरली आणि तिजोरीतून एक लाख डॉलर उचलून घेऊन गेली. ती रक्कम परत करायला लावणारा अंतिम निकाल यायला १८२४ उजाडले. व्हर्जिनियात रोन यांनी टोपणनावाने वृत्तपत्रांतून न्यायालयाची सालटी काढली. त्यावर देशाच्या सरन्यायाधीशांनी स्वतः टोपणनाव घेऊन वृत्तपत्रांत उत्तरे छापली! ज्याच्या हाती सगळी सत्ता एकवटली असे म्हणतात त्याला 'राज्यघटनेचा एक मित्र' म्हणून संपादकांकडे लेख पाठवावे लागत होते. आणि १८३२ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांनी सनदेच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरताना सरळ लिहिले की न्यायाधीशांचे मत राष्ट्राध्यक्षावर बंधनकारक नाही. १८३६ मध्ये बँकेची केंद्रीय सनद संपली. मार्शल यांचा निकाल जसाच्या तसा शाबूत होता, बँक नव्हती.

याच्याही आधीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १७९३ मध्ये, मार्शल यांच्या आधीच्या न्यायालयाने चिझम विरुद्ध जॉर्जिया खटल्यात ठरवले की दुसऱ्या राज्याचा नागरिक जॉर्जियावर केंद्रीय न्यायालयात दावा लावू शकतो. युद्धात पुरवलेल्या मालाचे पैसे बुडाले होते, मागणी रास्त होती. पण राज्ये खवळली. जॉर्जियाच्या प्रतिनिधीगृहाने तर हा निकाल बजावायला येणाऱ्याला फाशी द्यावी असे विधेयकच मंजूर केले. (वरच्या सभागृहात ते गेले नाही, तेवढी शुद्ध तिथे शिल्लक होती.) आणि १७९५ पर्यंत अकरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन निकाल पुसला गेला. राज्यांना नको असलेला निकाल राज्यांनी दोन वर्षांत उलटवला. मॅकलकचा निकाल उलटवायला कोणी हात धरले होते? तशा सूचना राज्यांच्या विधिमंडळांतून आल्या, पण पुरेशी राज्ये एकत्र आली नाहीत.

माझ्याच बाजूने बोलणाऱ्यांचा एक युक्तिवाद मला पटत नाही, तोही सांगतो. 'राज्यांचे अधिकार म्हणजे गुलामगिरीचे कवच होते, म्हणून केंद्राची सरशी ही न्यायाची सरशी' असे फार सहज म्हटले जाते. यात तथ्य आहे. व्हर्जिनियाचे जॉन रँडॉल्फ १८२४ मध्ये काँग्रेसमध्ये बोलून गेले की रस्ते-कालव्यांचा अधिकार केंद्राला आज मानलात तर उद्या ते प्रत्येक गुलामाला मुक्त करील. रोन आणि त्यांच्या मित्रांच्या अस्वस्थतेमागे ही भीती होतीच. पण १८४२ मध्ये प्रिग खटल्यात याच न्यायालयाने केंद्राच्या वरचढपणाच्या नावाने पळालेल्या गुलामांना संरक्षण देणारा पेनसिल्व्हेनियाचा कायदा रद्द केला. १८५४ मध्ये जोशुआ ग्लोव्हर या पळून आलेल्या गुलामाला मिलवॉकीच्या तुरुंगातून लोकांनी सोडवले तेव्हा संपादक शर्मन बूथ यांच्यावर केंद्रीय खटला झाला, विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने एकमताने विस्कॉन्सिनला गप्प केले. त्या वर्षी 'राज्यांचे अधिकार' हे गुलामगिरीविरोधकांचे शस्त्र होते. खुद्द मार्शल यांनीही तत्त्वासाठी नेहमी तलवार उपसली नाही. बंदरात आलेल्या मुक्त काळ्या खलाशांना अडवणारे दक्षिणी कायदे त्यांच्यापुढे आले तेव्हा त्यांनी घटनेचा प्रश्न टाळला, आणि हौस म्हणून भिंतीवर डोके आपटण्याची आवड आपल्याला नाही, अशा अर्थाचे मित्र न्यायमूर्ती स्टोरी यांना कळवले. केंद्र की राज्य, यावरून न्याय कुठे आहे ते आधीच ठरत नाही.

मग प्रतिनिधित्वाच्या कसोटीचे काय, तीही इथे तोकडी पडते ना? हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर चेरोकी या अमेरिकी आदिवासी लोकांच्या प्रकरणात शोधावे लागते. १८३२ च्या वूस्टर विरुद्ध जॉर्जिया निकालात मार्शल यांनी सांगितले की चेरोकींच्या भूमीवर जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत, तो विषय केंद्राचा. कायद्याच्या अंगाने निकाल चोख. पण ज्या केंद्राच्या हाती विषय सोपवला त्याच केंद्राच्या काँग्रेसने दोन वर्षे आधी आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा केला होता, प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी. त्या १९९ जणांत चेरोकींनी निवडून दिलेला एकही नव्हता, जॉर्जियाच्या सभागृहातही नव्हता. निकाल बाजूने लागूनही १८३८ मध्ये सैन्याने त्यांना घरांतून काढले आणि वाटेत हजारो मेले. याचा अर्थ कसोटी खोटी ठरली असा मी घेत नाही. सगळ्याला भागावर अधिकार का, याचे कारण जिथे गैरहजर होते तिथे अधिकार नुसता उघडा उरला, असा घेतो. गुलामांचेही तेच. त्यांच्या संख्येचे तीन पंचमांश मोजून दक्षिणेला जास्तीच्या जागा मिळत होत्या, आणि ज्यांच्या जोरावर त्या मिळत त्यांना मत नव्हते.

ही कसोटी घेऊन आता आपल्याकडे यावे, कारण इथेच मार्शल यांचा दाखला अर्धा कापला जातो. गंमत म्हणजे आपल्या पहिल्या केंद्रीय न्यायालयाने सुरुवात उलट दिशेने केली होती. नागपूरहून कारभार चालणाऱ्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. ही उत्पादनशुल्काची, म्हणजे केंद्राच्या क्षेत्रातली घुसखोरी आहे असा दिल्लीचा आक्षेप. नव्यानेच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे आलेले हे पहिलेच मोठे प्रकरण. सर मॉरिस ग्वायर, शाह सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर या तिघांनी निकाल प्रांताच्या बाजूने दिला. ग्वायर यांनी बजावलेही, की संघराज्यातल्या अधिकारवाटपाच्या प्रश्नांवर परदेशी न्यायालयांचे निकाल फार जपून वापरावेत. नागपूरच्या पंपावरचा तो कर टिकला आणि आजच्या विक्रीकराच्या, व्हॅटच्या घराण्याचा एक पाया त्या निकालाने घातला. 'न्यायालये सुरुवातीला नेहमी केंद्राकडे झुकतात' असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हा निकाल बाजूला का ठेवला, हे मला कळलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर वारे फिरले. १९५७ च्या कायद्याने कोळसा असलेल्या जमिनी संपादन करण्याचा अधिकार केंद्राने घेतला, तेव्हा पश्चिम बंगालने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला की राज्याच्या मालकीची जमीन केंद्र घेऊ शकत नाही. निकाल आला २१ डिसेंबर १९६२ रोजी, चीनशी युद्धबंदी होऊन महिना झालेला, आणीबाणी लागू. सरन्यायाधीश सिन्हा यांच्या बहुमताने राज्ये सार्वभौम नाहीत असे सांगून दावा फेटाळला. न्यायमूर्ती सुब्बा राव एकटे विरोधात गेले. बहुमताचा तर्क आपण अमेरिकेहून वेगळे आहोत यावर उभा होता, तिथे राज्ये आधी आणि संघ नंतर, इथे तसे नाही. हे ऐतिहासिकदृष्ट्या खरे आहे. पुढच्याच वर्षी सीमाशुल्काच्या संदर्भात पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की राज्याने आयात केलेल्या मालावर केंद्र सीमाशुल्क घेऊ शकते. मेरीलँडची ही उलटी बाजू. इथे कर लावणारे केंद्र आणि भरणारे राज्य. मार्शल यांच्या तर्काने तो कर चालतोही. एका अटीवर, की ज्या सभागृहात तो ठरतो तिथे राज्य राज्य म्हणून हजर असले पाहिजे.

ते हजर आहे का? अमेरिकेच्या सेनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन, आणि १९१३ पर्यंत ते विधिमंडळांनी निवडलेले. मार्शल लिहीत होते तेव्हा 'काँग्रेसमध्ये राज्ये बसलेली आहेत' हे अक्षरशः खरे होते. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशला ३१ जागा, महाराष्ट्राला १९, गोव्याला एक. त्याचे समर्थन होऊ शकते, लोकसंख्येला महत्त्व दिले एवढेच. पण २००३ मध्ये राज्यसभेच्या उमेदवाराने त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटच काढून टाकली गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता कोणत्याही राज्याच्या आमदारांनी पक्षश्रेष्ठींनी पाठवलेले नाव निवडून द्यायचे. माझ्या मते केंद्र-राज्य संबंधांत गेल्या पंचवीस वर्षांत राज्यांच्या बाजूचे जे काही गेले त्यात हे सर्वांत मोठे, आणि त्यावर मराठीत जेमतेम चर्चा झाली. राज्यपालांच्या वागण्यावर रोज अग्रलेख येतात, तो दृश्य भाग आहे.

बलवान केंद्राच्या बाजूने इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. 'बलवान केंद्र नसते तर संस्थाने, भाषावार आंदोलने, युद्धे यांतून देश टिकला असता का?' नसता टिकला, मान्य. पण भाषावार राज्ये तरी कोणी दिली? राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाखाली संसदेला सीमा बदलण्याचा पूर्ण अधिकार होता. तरीही १९५६ मध्ये मुंबई-महाराष्ट्राचा निर्णय लोकांच्या गळी उतरवता आला नाही, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तो रस्त्यावर आणि मतपेटीत उठलेल्या आवाजामुळे. अधिकार कागदावर तोच होता. आणि न्यायालयही एका जागी गोठलेले नाही. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितले की खनिजाधिकारांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांचा आहे आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) म्हणजे कर नव्हे. १९८९ चा विरुद्ध निकाल त्यात पुसला गेला.

म्हणून मार्शल यांचा दाखला द्यायचाच असेल तर तो जीएसटी परिषदेच्या टेबलावर न्यावा असे मला वाटते. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र नको म्हणाले तर काहीच होत नाही, पण केंद्राला काही करायचे असेल तर राज्यांचे (विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश धरून) सर्व ३१ सदस्य हजर असताना त्यांतले किमान २० जण बरोबर घ्यावे लागतात. आणि तिथे पणजीचे मत मुंबईच्या मताइतकेच वजनदार आहे, जे राज्यसभेत कधीच नव्हते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असेही सांगितले. मोठ्या उत्पादक राज्यांना ही समानता जाचते, महाराष्ट्रातल्या अर्थतज्ज्ञांची त्याबद्दलची तक्रार समजण्यासारखी आहे. तरी ज्यांना केंद्राचा वरचढपणा मार्शल यांच्या नावाने सिद्ध करायचा आहे त्यांनी आधी सांगावे, की राज्यसभेला या परिषदेइतके तरी राज्यांचे सभागृह करायला ते तयार आहेत का, आणि रहिवासाची अट परत आणण्यासाठी पहिले विधेयक कोणता पक्ष मांडणार आहे.